रसाची रास

"ताई, ही 'रास' काय म्हणतेय?" संगीतकारानं हेडफोन काढून विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या छोट्या स्टुडिओत स्क्रॅच, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, चालू होतं. गुऱ्हाळावरच्या कुटुंबाचा चित्रपट, नायिका महिनोन्महिने कुणाची तरी वाट बघतेय. चाल आधी, शब्द नंतर. आमच्या धंद्यात बहुतेकदा असंच असतं. मुखड्याच्या शेवटी वरच्या 'सा'वर चार मात्रांचा मुक्काम होता आणि तिथं मी लिहिलं होतं, 'ओठी माझ्या उसाचा रस'. बोलताना 'रस' पटकन संपतो. चार मात्रा ओढला की त्यातला 'अ' पसरतो, त्याचा 'आ' होतो. गायिकेची काही चूक नव्हती. ती कितीही जपून गायली तरी ऐकू यायचं, उसाचा राऽऽस.

दुसऱ्या दिवशी चारला रेकॉर्डिंग. रात्रभर 'आस', 'साज', 'ध्यास' लावून बघितले. मीटरमध्ये सगळे बसत होते, पण गुऱ्हाळावरच्या त्या नायिकेच्या तोंडी एकही शोभत नव्हता.

कोल्हापुरात गीतकार म्हटलं की जगदीश खेबुडकर. गांधीहत्येनंतरच्या, 1948 च्या जाळपोळीत घर जळालं तेव्हा शाळकरी वयात त्यांनी पहिली कविता लिहिली, ही गोष्ट इथं पुष्कळांना ठाऊक आहे. मला धीर देतात ते त्यानंतरचे खेबुडकर. शाळेत शिकवायचे आणि शेकडो चित्रपटगीतं लिहायचे. ती काय प्रत्येक वेळी घर जळून सुचली नसणार. बसून, खोडून, पुन्हा बसूनच झाली असणार.

पहाटे साडेपाचला गाडी काढली. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला एक ओळखीचं गुऱ्हाळ आहे. जाळ सांभाळणारा जळव्या चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, उसाची चिपाडं ढकलत होता, पोरं काहिलीवरची, रसाच्या मोठ्या कढईवरची, मळी काढत होती. वही पिशवीतच ठेवली आणि गूळ कधी झाला ते ओळखणाऱ्या गुळव्याकाकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. रस आटत चालला तसे बुडबुडे जड झाले, सावकाश फुटायला लागले. काकांनी थोडा पाक पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळून बघितली. "कच्चा हाय अजून." थोड्या वेळानं परत तेच. तिसऱ्यांदा गोळी वळली आणि जळव्याकडं बघून ओरडले, "आला, आला! पाकाला आला! जाळ थांबीव!"

मी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. पा-का-ला-आ-ला. पाचही अक्षरं आकारान्त. सूर कुठंही थांबवा, गळा उघडाच. आणि आपण 'जीव मेटाकुटीला आला' म्हणतो, त्याच वळणावर 'जीव पाकाला आला' आपसूक येऊन बसलं. अंगावर काटा आला माझ्या.

"काका, परत म्हणा की एकदा."

"आता कुठलं? उतरवायचा हाय. बाजूला व्हा ताई, अंगावर उडंल."

पाक निववायच्या वाफ्यात ओतेपर्यंत माझी ओळ झाली होती: 'वाट तुझी बघता बघता जीव पाकाला आला'. पहिल्या अंतऱ्यातलं चांदणं तिथंच काढून टाकलं आणि चुलवाण घातलं. गुऱ्हाळावरच्या बाईला रात्रभर समोर दिसतो तो जाळ. चांदणं माझ्या टेबलावरनं आलं होतं.

चारला गायिकेनं कागद वाचला आणि विचारलं, "पाकाला येणं म्हणजे पिकणं का जळणं?" मला फार आवडला तो प्रश्न. म्हटलं, "थेंब पाण्यात टाकला तर त्याची गोळी व्हावी, इतकं. अजून थोडा वेळ ठेवला तर करपतो."

ती काही बोलली नाही. पहिला टेक सरळ गेला. दुसऱ्याला तिनं 'जीव' म्हणायच्या आधी बारीकसा श्वास घेतला. चालीत तो नव्हता, माझ्या कागदावरही नव्हता. संगीतकारानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. तोच टेक ठेवला.

दुसऱ्या अंतऱ्यात एक 'रस' अजून आहे. तिथं सूर थांबत नाही, पुढं पळतो. तो रसच ऐकू येतो.