ईस्टरची पहाट, परतवाड्याच्या पुढं

परतवाड्याला शनिवारी संध्याकाळीच पोचा, हे आधी सांगून टाकतो. अमरावतीहून अंतर पन्नासेक किलोमीटर, एसटी दिवसभर मिळते. पण ईस्टर म्हणजे येशू कबरीतून उठला त्याचा सण, आणि त्याची उघड्यावरची उपासना दिवस उगवायच्या आत सुरू होते, आणि तेवढ्या पहाटे गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. रेल्वेनं येणाऱ्यांना बडनेरा सोयीचं. परतवाड्यात लॉज आहेत, साधेच. तिथून गावापर्यंत जायला रात्रीच एखादा ऑटोवाला ठरवून ठेवा आणि साडेचारला त्याला फोन करून उठवायची तयारी ठेवा.

आम्ही गेलो ते गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागांमध्ये आहे. नाव लिहून उपयोग नाही, कारण दरवर्षी जागा बदलते. ज्याच्या वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून जमीन मोकळी झालेली असेल, त्याच्या वावरात मांडव पडतो. नक्की ठिकाण आणि वेळ उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत जाहीर होते. तेव्हा ओळखीचं कोणी नसेल तर शुक्रवारी परतवाड्यातल्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन विचारा. परकं माणूस म्हणून कोणी वळून पाहत नाही, उलट आपल्याकडेच उतरा म्हणून आग्रह होतो.

या पट्ट्यात ख्रिस्ती घरं कशी, असा प्रश्न पुण्या-मुंबईकडच्यांना हमखास पडतो. अचलपूर इंग्रजांच्या कागदात एलिचपूर होतं, परतवाडा ही त्याची छावणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथून मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या गावांत मिशनचं काम सुरू झालं. जवळच्या कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना आजही चालू आहे. ज्या मित्रानं आम्हाला बोलावलं त्याचे आजोबा मिशनच्याच नोकरीत होते. घरात वऱ्हाडी बोलतात, आणि सणाच्या आदल्या रात्री त्याच्या आईनं पुरणाचा घाट घातलेला होता.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा ढोबळ हिशोब. म्हणजे पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असते आणि पहाटे चंद्र पश्चिमेकडं झुकलेला सापडतो. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. आभाळ स्वच्छ असेल तर बांधावरून चालायला बॅटरीची गरज पडत नाही. तरी ती जवळ असू द्या, धुऱ्यावरचे (बांधावरचे) काटे चंद्राला दिसतात, आपल्याला नाही.

सुरुवात शेतात नाही, दफनभूमीत होते. पाचच्या आधीच माणसं जमायला लागतात. जो तो आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. वारा असला की ती टिकत नाही, म्हणून बऱ्याच जणांनी प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून आडोसा केला होता. एक म्हातारी मात्र पदर आडवा धरून तशीच बसून राहिली. मग पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) मोठ्यानं म्हटलं, "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" आणि गात गात घोळका शेताकडं निघाला. ढोलकी, झांज आणि खंजिरी. खंजिरी वाजवणारे काका गावच्या भजनी मंडळातले. ते ख्रिस्ती नाहीत, पण दरवर्षी येतात.

माझ्या मते हा तासच खरा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानं मनाई आहे, त्यामुळं सहापर्यंत माइक नाही. जे काही आहे ते गळ्यानं. सहा वाजले की दोन भोंगे सुरू होतात आणि कीबोर्डवाला पोरगा अंगात आल्यासारखा वाजवायला लागतो. आयोजकांना माझं सांगणं एवढंच, की भोंगे बायकांच्या सतरंजीकडं तोंड करून बांधू नका. तुम्ही गेलात तर मागं, बागेच्या कडेला बसा. ऐकू येतं आणि डोकंही उठत नाही.

सहा वाजून दहाच्या सुमारास सूर्य वर आला तेव्हा संडेस्कूलच्या पोरांचं नाटुकलं चालू होतं. मार्काच्या शुभवर्तमानातला प्रसंग. सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडं निघालेल्या बायका एकमेकींना विचारतात, तोंडावरचा दगड कोण लोटणार? इथला दगड म्हणजे कडबा भरलेली बांबूची डाली, वरून गोणपाट आणि राख. ती वेळेआधीच घरंगळत गेली आणि आत लपलेला देवदूत पोळी खाताना सापडला. सरपंच, पोलीस पाटील, समोरच्या आळीतली मंडळी, सगळ्यांनी हसून घेतलं. उपदेश मात्र लांबला. पाऊण तास म्हणजे मुलांची कसोटीच.

बाहेरच्यांसाठी थोडं. चपला सतरंजीच्या बाहेर काढा. प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) रांग लागते ती बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. आपण जागेवर बसून राहावं, त्यात कुणाला काही वाटत नाही. अर्पणाची थैली फिरते, टाकायचे तर टाका, नाहीतर पुढं द्या. दफनभूमीत फोटो काढू नका. मांडवात काढायचे असतील तर आधी विचारा, विशेषतः मुलांचे.

शेवटी पंगत. आलू-वांग्याचा रस्सा, पोळ्या, भात, बुंदी, आणि लहान पोरांना एकेक उकडलेलं रंगवलेलं अंडं. पंगतीला अख्खं गाव असतं. आम्ही निघायची भाषा काढली तर वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "जेवल्याबिगर जाचं नाही जी. कायले घाई करता?" रस्सा तिखट आहे. सोसत नसेल तर आधीच सांगा, वेगळं वरण काढून ठेवलेलं असतं.

नऊच्या आत तिथून निघा. एप्रिलचं वऱ्हाडी ऊन दहापासून चटके देतं. टोपी किंवा दुपट्टा आणि पाण्याची बाटली घरूनच न्या. तिथून चिखलदरा घाटानं जवळ म्हणून बरेच जण तसेच वर जातात, पण रविवारी घाटात गाड्यांची रांग असते; जायचंच तर सोमवार बघा. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे. तेव्हा पायथ्याला पहाटे गारवा असू शकतो, एखादी शाल पिशवीत टाका.