मुनीम, वैदूबुवा आणि वामन

"हा बुटका रोज इथंच उभा असतो का?" बाबांनी माझ्या मागं उभं राहून विचारलं.

बाबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत. मोजणं, बंडल करणं आणि एकही नग कमी-जास्त न होऊ देणं यात त्यांचं आयुष्य गेलं. स्क्रीनवर, मी खेळतो त्या ऑनलाइन गेममधल्या आयर्नफोर्ज नावाच्या शहरात, लिलावघर आणि बँक यांच्या मधल्या रस्त्यावर नोम नावाच्या बुटक्या जातीतला एकजण उभा होता. लेव्हल १. अंगावर सुरुवातीला मिळतात तेच कपडे.

"तो तिजोरीवरचा माणूस आहे. मुनीम नाव त्याचं."

"लढत नाही?"

"कधीच नाही."

"पगार?"

"काही नाही."

"मग खात असणार मधल्यामध्ये," असं म्हणून बाबा चहा ठेवायला गेले.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक आपल्याकडं २७ ऑगस्ट २०१९ ला पहाटे साडेतीनला सुरू झालं. भारतात सर्व्हर नव्हता म्हणून मी युरोपच्या सर्व्हरवर गेलो, तेव्हा महिन्याला १२.९९ युरो. पहिलं कॅरेक्टर काढलं माणूस जातीचा वॉरियर, नाव खंडेराव. झुपकेदार मिशा, हातात दोन हातांची तलवार, समोर दिसेल त्यावर येळकोट म्हणत घुसायचं. मी ठरवलं होतं की हाच एक, दुसरा काढायचा नाही. सातपूरच्या कंपनीत आठ तास उभं राहिल्यावर एकाच माणसाला मोठं करायला वेळ पुरत नाही, दुसरा कुठून सांभाळणार?

तिसऱ्याच दिवशी मुनीम जन्माला आला. कारण अगदी क्षुल्लक. सुरुवातीची थैली १६ कप्प्यांची असते आणि ती अर्ध्या तासात लांडग्यांच्या कातड्यांनी भरते. फेकायला जीव होत नाही, विकायला शहर लांब. मग लेव्हल १ चं एक पोरगं काढायचं, त्याला चालवत शहरात नेऊन लिलावघराच्या दाराशी उभं करायचं आणि खंडेरावानं जंगलाजवळच्या पोस्टाच्या पेटीतून सगळा माल त्याच्या नावे धाडायचा. टपालखर्च ३० तांब्याची नाणी. लिलावघर विक्रीवर ५ टक्के कापतं, उरलेलं मुनिमाच्या हाती. नोम का, तर त्यांचं जन्मगाव आयर्नफोर्जच्या पायथ्याशी आहे. चालत थोड्या वेळात पोचतं. याला बँक ऑल्ट म्हणतात. ऑल्ट म्हणजे आपल्या मुख्य कॅरेक्टरखेरीज काढलेलं कुठलंही दुसरं. मुख्य तो मेन.

खरं तर ही खोड मला आधीपासूनची. २००६-०७ मध्ये आम्ही रॅग्नरॉक ऑनलाइन खेळायचो, तेव्हा तर दुसरं कॅरेक्टर काढल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. तिथं प्रत्येक लेव्हलला गुण मिळायचे, ते ताकदीत घालायचे की चपळाईत, आपण ठरवायचं, आणि एकदा घातले की परत काढता यायचे नाहीत. लेव्हल ६० ला कळायचं की आपल्या धनुर्धाऱ्यात आपण नको तिथं गुण ओतलेत. मग नवीन सुरुवात. दुसरं म्हणजे मर्चंट. त्याचं कौशल्य पूर्ण वाढवलं की गेममधल्या दुकानदाराकडून २४ टक्के स्वस्त माल मिळायचा आणि आपला माल २४ टक्के चढ्या भावानं घ्यायला तो तयार व्हायचा. शिवाय रस्त्यावर गाडी लावून स्वतःचं दुकान मांडता यायचं. एकाच अकाउंटच्या सगळ्या कॅरेक्टरांचं गोदाम सामाईक, म्हणजे माल हलवायचीही कटकट नाही. असा फायदा सोडणार कोण? प्रोन्टेरा शहराचा मुख्य रस्ता म्हणजे दिवाळीआधीची मेन रोड, पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या दुकानांमागं खरा दुकानदार एकही नाही. सगळे कुणाचे तरी ऑल्ट. फक्त दुकान चालू ठेवायचं तर कॉम्प्युटर चालू ठेवावा लागायचा. मी रात्री दोन ते आठच्या फुकट ब्रॉडबँडवर दुकान मांडून झोपायचो आणि पहाटे लोडशेडिंग येऊन दुकानाला टाळं लागायचं. आईला वाटायचं की बिल माझ्यामुळं वाढतंय. वाढतच होतं.

तर मुनिमानंतर वैदूबुवा. वॉरक्राफ्टमध्ये एका कॅरेक्टरला मुख्य धंदे दोनच घेता येतात. खंडेरावानं खाणकाम आणि लोहारकी घेतली होती, त्याला औषधं करणारा, म्हणजे किमयागार, हवा होता. पण वैदूबुवा पूर्ण मोठे करायची गरज नव्हती. किमयेचं सगळ्यात वरचं शिक्षण लेव्हल ३५ ला खुलं होतं. तिथपर्यंत नेलं की थोरियमचा गज आणि एक आर्केन क्रिस्टल मिळून आर्केनाइट नावाचा महागडा धातू करता येतो. मात्र एकदा केला की पुन्हा करायला जवळपास दोन दिवस थांबायचं. म्हणून लोक ३५ लेव्हलचे तीन-तीन वैदू पाळतात. लॉगिन करायचं, एक बटण दाबायचं, बाहेर पडायचं. हे खेळणं नाही, दूध काढणं आहे. पण सकाळी कंपनीची बस यायच्या आत ते होतं, आणि त्या दिवसांत माझा गेम बऱ्याचदा तेवढाच होता.

इथवरचे ऑल्ट म्हणजे नोकर-चाकर. खरा ऑल्ट एप्रिल २०२० मधला. त्याच्यासाठी मी जे केलं ते कुणी पैसे देऊन करायला सांगितलं असतं तर मी युनियनकडं गेलो असतो.

मार्चअखेर कंपनी बंद झाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, गोदाकाठ रिकामा, घरात बाबा, बायको, मी आणि कॉम्प्युटर. गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या संघात, मराठी बोलणारे आम्ही तिघं: मी, पुण्याचा आतेभाऊ आणि त्याचा रूममेट. बाकी युरोपभरचे. त्यांच्याकडं संध्याकाळी आठला रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी चढाई, सुरू व्हायची, तेव्हा आपल्याकडं साडेअकरा. थंडीत तर साडेबारा. मोल्टन कोअर नावाच्या चढाईला ४० जण लागतात. आमच्याकडं वॉरियर नऊ होते आणि मंत्रानं जखमा भरणारे प्रीस्ट दोन.

आता हे गणित बघा. मेलेल्या शत्रूकडून तलवार मिळाली की ती मागायला नऊजण हात वर करणार. आणि कोअरमधला दुसराच मोठा शत्रू, मॅग्माडार, असा भुंकतो की सगळे घाबरून सैरावैरा पळतात. टँक, म्हणजे शत्रूचा मार अंगावर घेणारा पुढचा गडी, तोही पळाला की तो कुत्रा मागच्या लोकांना खातो. त्या भीतीवर एक मंत्र आहे, फियर वॉर्ड. क्लासिकमध्ये तो फक्त ड्वार्फ जातीच्या प्रीस्टकडं असायचा. आमचे दोन्ही प्रीस्ट माणूस जातीचे. शिवाय रेडचं कुलूप बुधवारी सकाळी उघडतं. गुरुवारी रात्री कोअर संपवलं की पुढच्या बुधवारपर्यंत खंडेरावाला तिथं आत पाऊल टाकता येत नाही. सहा रात्री तो आयर्नफोर्जच्या पुलावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तलवारी बघायचा. माझ्या पाहण्यात बहुतेक ऑल्ट अशाच रिकाम्या शनिवार-रविवारी जन्मतात.

आतेभावाचा फोन आला. "दादा, तुझ्यासारखे नऊ आहेत. ड्वार्फ प्रीस्ट एकही नाही. काढ की."

"पुन्हा साठ लेव्हल?"

"तुला कुठं ऑफिस आहे आता?"

नाव वामन ठेवलं. बुटका, दाढीवाला, डोक्यावर काही नाही.

पहिल्यांदा गेम खेळणाऱ्याला जे मिळत नाही ते ऑल्टला पहिल्या तासात मिळतं. मुनिमानं चार थैल्या पाठवल्या, आठ-आठ कप्प्यांच्या. लेव्हल ५ ला हाती धरता येईल अशी जादूची कांडी लिलावातून घेऊन पाठवली. ती असली की प्रीस्टला मना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, न खर्चता लांबून मारता येतं आणि पहिले वीस लेव्हल निम्म्या कष्टात जातात. लेव्हल ४० ला घोड्यासाठी लागणारी १०० सोन्याची नाणी खंडेरावाला गोळा करायला महिना लागला होता. वामनाला ती टपालानं आली. ड्वार्फ घोड्यावर बसत नाहीत म्हणून मेंढ्यावर बसून तो निघाला. बापाच्या जिवावर चैन करणारं पोरगं म्हणतात ते हेच.

सगळ्यात उपयोगी पडली विश्रांती. कॅरेक्टरला सरायीत झोपवून बाहेर पडलं की दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के इतका साठा जमतो, आणि तो संपेपर्यंत मारलेल्या प्रत्येक शत्रूचा अनुभव दुप्पट मिळतो. जास्तीत जास्त दीड लेव्हल साठतं, म्हणजे दहा दिवसांची झोप. मग मी वेळापत्रक केलं: दोन दिवस वामन, साठा संपला की त्याला झोपव, दोन दिवस वैदूबुवा, गुरुवारी खंडेराव. बायकोनं फ्रिजवर लावलेल्या दूध-भाजीच्या कागदाशेजारी हा कागद लागला. तिनं एकदा वाचून विचारलं, "वामनाला झोपवायचं म्हणजे काय?" मी सांगितलं. तिनं काही उत्तर दिलं नाही.

लोक म्हणतात ऑल्टमुळं गेमची दुसरी बाजू दिसते. मला पहिले बारा लेव्हल तसं वाटलं, कारण खंडेराव हिरव्या रानातला आणि वामन बर्फातला. पुढं तीच गावं, तीच कामं, तोच शेतकरी तीच हरवलेली पिशवी मागतो. तिशी ते चाळिशीतलं स्ट्रँगलथॉर्नचं जंगल दुसऱ्यांदा पार करताना मी तीनदा सोडून द्यायचं ठरवलं.

नवीन काही दिसलं ते डेडमाइन्स नावाच्या खाणीत, लेव्हल २१ ला. पाचजणांची टोळी, मी हीलर, म्हणजे जखमा भरणारा. आमचा टँक कुणी पोर्तुगीज पोरगा होता. दिसेल त्यावर धावत घुसायचा. मी बोंब मारत होतो, थांब, मना नाही. प्रीस्टनं मंत्र मारला की त्यापुढची ५ सेकंद त्याचं मना आपसूक भरायचं थांबतं. म्हणजे चांगला हीलर हात आवरून उभा राहतो, कुणाला थोडं रक्त जाऊ द्यायचं ते ठरवतो. मग बसून पाणी पितो. त्या पाणी पिण्याच्या वेळेतच तो पोरगा पुढच्या खोलीत. आम्ही मेलो. तो चिडून लिहितो, हील कुठंय?

हे वाक्य मी आठ महिने खंडेरावाच्या तोंडून लिहिलं होतं. अगदी याच शब्दांत, बहुतेक रोज. एका स्वीडिश बाईनं एकदा मध्येच टोळी सोडली होती, तिला मी गिल्डमध्ये नावं ठेवली होती. ती पाणी पीत होती.

जूनमध्ये वामन साठला पोचला. नुसता खेळण्याचा वेळ मोजला तर खंडेरावाला एकूण १२ दिवस १४ तास लागले होते, वामनाला ७ दिवस ९ तास. मॅग्माडारपुढं टँकवर पहिला वॉर्ड टाकला, कुत्रा भुंकला, टँक जागचा हलला नाही. चाळीसजणांच्या त्या गोंधळात हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढ्यासाठीच काढला होता.

आता थोडी लबाडी. वामन आल्यापासून मला गेम उघडायची भीती वाटायला लागली. लॉगिन झालो की निरोपांची रांग. हीलर हवाय, येतोस का, दहाच मिनिटं. वॉरियर होतो तेव्हा टोळी मिळावी म्हणून मी तासभर ओरडायचो, आता टोळ्या मला शोधायच्या. एव्हाना कंपनी पुन्हा सुरू झाली होती, फर्स्ट शिफ्ट सातला. एका रात्री मी गपचूप पाचवा काढला. शिकारी, नाव फिरस्ता, गिल्डच्या बाहेर, आतेभावालाही सांगितलं नाही. त्याला लेव्हल वाढवायची नव्हती. तो तळ्याकाठी मासे धरायचा. गंगापूर धरणावर जायची बंदी होती त्या दिवसांत, तेवढीच हवापालट.

आतेभाऊ नंतर फायनल फँटसी फोर्टीनमध्ये गेला. तिथं एकच कॅरेक्टर हत्यार बदललं की टँक होतं, पुन्हा बदललं की हीलर. तो म्हणतो, "तुमचा गेम लोकांना अडवतो म्हणून तुम्ही माणसं काढता." बरोबर आहे. माझा एकही ऑल्ट हौसेचा नाही. थैली भरली, धंदे दोनच, टोळीत जागा नाही, लोक पिच्छा सोडत नाहीत: दर वेळी कुठलं तरी दार लागलं आणि मी नवं नाव टाइप केलं.

जून २०२१ ला बर्निंग क्रुसेड हा गेमचा पुढचा भाग आला. त्यातल्या नियमांप्रमाणं फियर वॉर्ड सगळ्याच प्रीस्टना मिळाला, माणूस असो की एल्फ. आतेभावानं बातमी वाचून हसतच फोन केला, "दादा, वामनाची मक्तेदारी संपली." ज्या एका मंत्रासाठी सात दिवस नऊ तास घातले, तो आता ऐऱ्यागैऱ्याकडं. दारं उघडली होती. मी खंडेरावावर परत जायला मोकळा होतो. त्या संध्याकाळी लॉगिन केलं आणि बोट आपोआप वामनावर गेलं. दहा दिवसांनी बघितलं तर खंडेराव सरायीत, डोक्याशी दीड लेव्हलचा साठा काठोकाठ भरून, झोपलेला.

बाबा मागं उभे होते. "तो मिशावाला दिसला नाही बरेच दिवस."

"हा काय, झोपलाय."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोटानं यादी मोजली, वरून खाली, मग खालून वर. "पाच. किती ठेवू देतात?"

"एका सर्व्हरवर दहा."

"म्हणजे पाच शिल्लक," बाबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.