अर्धं कार्डशीट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण गणिताच्या बाईंवर लिहितील, आणि तो मान त्यांचाच. मला मात्र आठवीचे नागरिकशास्त्राचे सर आठवतात.

आमच्या वर्गाचं भित्तिपत्रक दर शनिवारी जिन्याजवळ लागायचं. कार्डशीट इतवारीतून सर स्वतः आणत. एका आठवड्याला त्यांनी अर्धंच हातात दिलं. "काहीही लिहा, मनाई कशालाच नाही. फक्त एवढ्यातच."

"सर, एवढ्यात कसं मावन?"

आधी कविता गेली. तिचं कुणाला फारसं दुःख झालं नाही. मग पिण्याच्या पाण्याच्या बंद नळाची बातमी गेली. पाहुण्यांच्या सत्काराची मात्र राहिली. ती कोण काढणार?

सोमवारी सरांनी पुण्याच्या 'सकाळ'चा खटला सांगितला. १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांनी पानांच्या हिशेबात वृत्तपत्राची किमान किंमत ठरवून दिली. पानं तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, नाहीतर पानं कमी करा. छोट्या पत्रांना आधार मिळावा, असं सरकारचं म्हणणं. एका ओळीवरही बंदी नव्हती. तरी १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं: पानं घटली, वाचक घटले, की अभिव्यक्तीच घटते. "आता सांगा, नळाची बातमी कोणी दाबली?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

आणीबाणीतली सेन्सॉरशिप त्यांनी दोन वाक्यांत उरकली. ती कळायला सोपी, म्हणाले. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) वर मात्र पूर्ण तास घेतला. तिथे वृत्तपत्रांना वेगळा हक्क दिलेला नाही. बोलण्या-लिहिण्याचा जो हक्क तुमचा, तोच संपादकाचा. त्याच्या पाठीला पाठ लावून १९(२) मधली बंधनं, बदनामीसुद्धा त्यात.

हा भाग आमच्यातल्या एकाला लगेच लागू पडला. शिपाईकाका खडू घरी नेतात, असं त्याने पुढच्या अंकासाठी लिहून आणलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, "त्यांना विचारलंस?" विचारलं नव्हतं. मजकूर थांबला.

पूर्ण कार्डशीट परत मिळालं तेव्हा नळाची बातमी सगळ्यात वर लागली. मुख्याध्यापक चिडले. सर म्हणाले, "आपण उत्तर द्या, मुलं छापतील." ते उत्तर आलं, पुढच्या शनिवारी शब्दशः लागलं. लावण्याआधी सरांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र लाल शाईने दाखवून परत पाठवल्या होत्या.