तुम्ही विचारलेत म्हणून : अडुळसा, गुळवेल आणि काढ्याचे माप

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला लोक झाडाचे नाव क्वचितच विचारतात. ते विचारतात, "हे कशावर घेतात?" आणि उत्तर मिळाले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "पण ही झाडपाल्याची औषधे खरोखर लागू पडतात का, की नुसती जुन्या लोकांची समजूत?" शेजारी, नातेवाईक, जुने विद्यार्थी, बागेत डोकावणारे वाटसरू अशा सगळ्यांचा हा प्रश्न असतो आणि तो उभ्या उभ्या विचारलेला असल्यामुळे मीही आजवर उभ्या उभ्याच उत्तर दिले. तुम्ही तो पत्रातून, थोड्या गांभीर्याने विचारलात, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

माझे उत्तर असे आहे की, यांतल्या बऱ्याच वनस्पती लागू पडतात, आणि लागू पडतात म्हणूनच त्या मापाने, मुदतीने आणि माणूस पाहून घ्यायच्या असतात. ज्या पाल्यात काहीच नाही तो कितीही खाल्ला तरी बिघडत नाही. ज्यात काही आहे त्याची गोष्ट वेगळी. जुन्या घरांतून हे भान होते. आता फोनवर फिरणाऱ्या याद्यांत प्रत्येक वनस्पतीचे दहा-पंधरा फायदे असतात, पण किती घ्यावे, किती दिवस घ्यावे आणि कोणी घेऊ नये याचा मागमूस नसतो.

अडुळशापासून सुरुवात करते, कारण कोकणात आणि घाटावरही तो कुंपणाला सर्रास असतो, गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि खोकल्यावर त्याचा लौकिक फार जुना आहे. कच्ची पाने कुटून पाहिलीत तर तुमच्या लक्षात येईल की रस जवळजवळ निघतच नाही. म्हणून पाने वाफवतात, किंवा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात आणि मग पिळतात. वैद्य यालाच पुटपाक म्हणतात. तो रस मोठ्या माणसाला दोन चमचे, मधातून, आणि तोही खोकला असेपर्यंतच. या पानांत व्हॅसिसिन नावाचे अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारे वनस्पतिद्रव्य, असते. त्याच्या रचनेवरून पुढे 1960च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे औषध आले, आणि ब्रोमहेक्सिनचे शरीरात जे रूपांतर होते ते अँब्रॉक्सॉल आज स्वतंत्र औषध म्हणून वापरले जाते. दोन्ही औषधे घट्ट कफ पातळ करतात. तेव्हा 'आमचा झाडपाल्यावर विश्वास नाही' असे म्हणत औषधांच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणणाऱ्याने तिच्यावरचे लेबल एकदा वाचावे. अँब्रॉक्सॉल लिहिलेले असेल तर त्याचे मूळ कुंपणावरच सापडेल.

पण याच व्हॅसिसिनची दुसरी बाजू अशी की त्याने गर्भाशयाचे आकुंचन होते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत 1970च्या दशकात या गुणाचा मुद्दाम अभ्यास झाला होता. म्हणून गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये, आणि 'पाल्यानेच तर आहे, त्याने काय होते' असे म्हणणाऱ्यांचे तर मुळीच ऐकू नये. संस्कृतात एक श्लोक आहे, त्याचा आशय असा की अडुळसा उपलब्ध आहे आणि जगण्याची आशा आहे तोवर रक्तपित्ताच्या (म्हणजे नाका-तोंडावाटे रक्त पडण्याच्या), क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने खचावे कशाला? रोग्याला धीर देणारा हा श्लोक मला आवडतो, पण त्यातला क्षय आज अडुळशावर सोपवता येणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरणारे वजन असेल तर आधी थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, आणि रस पीत घालवलेल्या महिन्यांत तो आजार घरातल्या दुसऱ्यांनाही लागतो.

मापाचे जुने भान कसे होते ते पाहायचे असेल तर बाळगुटीकडे पाहावे. हळकुंड, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, मुरुडशेंग, सागरगोटा, काकडशिंगी, अतिविष, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम असा तो साधारण संच. घराघरात एखादे कमी-जास्त. ही सगळी काष्ठौषधी कुटून बाळाला कोणी देत नसे. सहाणेवर आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब घेऊन एकेक वस्तू उगाळायची, आणि किती उगाळायची हे वेढ्यांनी, म्हणजे सहाणेवरच्या फेऱ्यांनी, मोजायचे. हिरड्याचे अमुक वेढे, बदामाचे त्याहून जास्त, जायफळाचा मात्र एखादाच. बाळाचे वय, शी कशी होते, ऋतू कोणता, यांवर वेढे कमी-जास्त होत. काटा-तराजू नसलेल्या घरात मिलिग्रॅममध्ये औषध देण्याची ही रीत होती आणि मला तिचे मनापासून कौतुक वाटते. जायफळाचे वेढे का मोजायचे हे कोणत्याही आजीला ठाऊक असे: बाळ नको तितके झोपते. जायफळ जास्त झाले तर मोठ्या माणसालाही भ्रम होतो आणि उलट्या होतात, मग बाळाचे काय सांगावे!

कौतुक करते म्हणून आजही गुटी द्यावी असे मात्र मी सांगत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्याला सहाणेच्या आणि पाण्याच्या स्वच्छतेचे कारण आहे, तसेच त्या संचातल्या वस्तूंचेही आहे. वेखंडात बीटा-असारोन हे द्रव्य असते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोगाच्या गाठी झाल्या, आणि अमेरिकेने 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. सर्दीत वेखंडाचा लेप कपाळावर लावण्याला माझी काही हरकत नाही. पोटात देण्याला आहे. अतिविष हिमालयातून येते, महाग असते आणि ते बचनाग या जहाल विषारी वनस्पतीच्याच कुळातले आहे, म्हणजे भेसळ झाली तर कशाची होऊ शकते याचा विचार करावा. मधाचेही तेच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यात कधी कधी असणारे जिवाणूंचे बीज बाळाच्या आतड्यात रुजते आणि त्याचे विष अंगात भिनते.

आता गुळवेल. 2020 साली करोनाच्या दिवसांत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला होता. त्यात गुळवेल नव्हती, पण लोकांच्या काढ्यात ती लवकरच आली, आणि कित्येक घरांत ती रोजची झाली. गुळवेल पूर्वी घेत ती रेंगाळणाऱ्या तापात. अंगठ्याएवढ्या जाड वेलीचे तुकडे ठेचून रात्रभर भिजवायचे आणि सकाळी ते पाणी गाळून द्यायचे, किंवा पाण्यात खळवून तळाशी बसणारे पांढरे सत्त्व वाळवून ठेवायचे. कडुनिंबावर चढलेली वेल अधिक गुणाची मानत. ताप गेला की गुळवेल बंद. निरोगी माणसाने कित्येक आठवडे, महिने, आजार येऊ नये म्हणून रोज गुळवेल पिण्याची रीत मी तरी कोणत्या जुन्या घरात पाहिली नाही.

पुढे काय झाले ते तुम्ही वाचले असेल. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 साली अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झाली होती. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांचा अभ्यास आला. अनेकांच्या यकृतावरचा परिणाम शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला करावा तसा होता. 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' म्हणून घेतलेल्या औषधाबाबत हे वाचताना मी थोडी थबकले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे की गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात लोकांकडून वापरली गेली असावी. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात. आपल्या गुळवेलीचे खोड हिरवे असते, वरची कागदासारखी साल सुटते आणि तिच्यावर तसे फोड नसतात. ओळखीची चूक होते हे मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यावरून सांगू शकते, कारण पदवीच्या वर्गातली मुलेही हृदयाकृती पान दिसले की गुळवेल म्हणून मोकळी होतात. पण सगळे खापर चुकीच्या ओळखीवर फोडणे मला पटत नाही. थायरॉइडचा किंवा स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणारा दुसरा कोणता आजार असलेल्याने गुळवेल घेऊ नये, बाकीच्यांनी वैद्याने नेमून दिलेल्या दिवसांपुरती घ्यावी, आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसू लागली तर त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करावी, एवढे मी ठामपणे सांगते.

काढ्यातली आणखी एक वस्तू सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, ती ज्येष्ठमध. गोड लागते, घशाला बरे वाटते, गाणारे लोक तोंडात धरतात. पण त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेला माणूस सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमध घातलेला काढा पितो आणि गोळ्या लागू पडत नाहीत अशी तक्रार करतो, तेव्हा दोष गोळ्यांचा नसतो.

सदाफुलीबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहेत, कारण तुमच्या परिचयातले कोणी साखरेसाठी रोज तिची पाने चावतात. ही मूळची मादागास्करची, पण आता आपल्या प्रत्येक अंगणात बिनपाण्याची फुलते. मधुमेहावर तिचा लौकिक जमैकातही होता. तिथून आलेली पाने 1950च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांना दिली. साखर काही उतरली नाही, उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. त्या निरीक्षणातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती आले, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आले, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन आजही दिले जाते, रुग्णालयात, शिरेतून, मोजून. हे कळल्यावर साखरेसाठी ती पाने रोज चावायची की नाही ते त्यांनी ठरवावे. मला विचाराल तर आजच बंद करावे. त्यापेक्षा चमचाभर भिजवलेली मेथी बरी. तिच्यातल्या चिकट तंतूंमुळे जेवणानंतरची साखर थोडी सावकाश चढते. थोडीच, आणि गोळ्यांच्या जागी नव्हे.

हळदीवर फार लिहीत नाही. जखमेवर हळद लावण्याबद्दलचे अमेरिकेतले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने 1997 साली रद्द करवून घेतले, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. परंतु तो वाद हे ज्ञान नवे नाही एवढ्यापुरता होता, हळदीने काय काय बरे होते याचा निवाडा त्यात झाला नाही. हळदीत कर्क्युमिन असते सुमारे तीन टक्के आणि तेही आतड्यातून फारसे शोषले जात नाही; मिरे सोबत असले तर शोषण पुष्कळ वाढते. दुधातली हळद रात्री ऊब देते, तेवढ्यासाठी मी ती घेते.

ओव्याचे मात्र मी खुल्या मनाने समर्थन करते. पोट फुगले, दुखले तर चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावून वर कोमट पाणी प्यावे. त्यातले थायमॉल जंतुनाशक आहे आणि मुखशुद्धीच्या विदेशी औषधांतही ते असते. दुकानात मिळणारे ओव्याचे फूल म्हणजे याच थायमॉलचे खडे. कापूर आणि पुदिन्याचे फूल (म्हणजे मेंथॉल) यांच्यासोबत बाटलीत घातले की तिन्ही घन पदार्थ पाण्याचा थेंब न घालता पाघळून द्रव होतात, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवीत असे. कुंडीत जो जाड, लवदार पानांचा 'ओवा' लावतात तो वेगळ्याच कुळातला आहे, पण वास त्याच द्रव्यांचा, आणि त्याची भजी उत्तम होतात. गवती चहा, आले, तुळस हीही स्वयंपाकाच्या मापात निर्धास्त घ्यावीत. स्वयंपाकाचे माप हे पुष्कळ पिढ्यांनी पडताळलेले माप आहे; त्याच वस्तूचा अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरला की ते माप मोडते, आणि त्या बाटलीकडे औषध म्हणूनच पाहावे लागते.

तुमच्या वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे असे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे. खरे तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. त्यांना हळदीच्या, लसणाच्या किंवा आल्याच्या कॅप्सूल देऊ नका. भाजी-आमटीतले आले-लसूण चालेल. ते कोणता काढा घेत असतील तर त्यातल्या सर्व वस्तूंची नावे लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवा, डॉक्टरांनी विचारले नाही तरी.

आणि अडुळशाचे रोप तुम्ही मागितले आहे, ते बियांपासून करण्याच्या फंदात पडू नका. पहिला पाऊस झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या फांद्या पाठवते. दोन डोळे मातीत जातील अशा तिरक्या लावा आणि पाणी तुंबू देऊ नका.