वाढलेली बांगडी

बडोद्याला निघताना आजीच्या हिरव्या बांगडीचे दोन तुकडे कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले होते. काच फुंकायला शिकायचं, तर पहिला रंग तिचा असावा, एवढंच मनात होतं.

दांडिया बाजारात आत्याकडे उतरले. तिच्या ओळखीच्या एका काकांनी आयुष्यभर रसायन कारखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी फ्लास्क आणि कंडेन्सर घडवले. आता ते घरामागच्या पडवीत दोघा-चौघांना शिकवतात.

पहिला दिवस ज्योतीत नुसती काचेची नळी फिरवण्यात गेला. दोन्ही हात एका लयीत हवेत. एक जरा मागे पडला की मऊ काचेला पीळ बसतो. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत इतकी पिवळी भडकते की कुठं काय वितळतंय ते दिसत नाही. काकांनी डिडिमियमच्या काचांचा चष्मा दिला आणि तो पिवळा झोत एकदम विझल्यासारखा झाला. मागे काचेची लोंबू लागलेली कड स्पष्ट दिसली! मग रबरी नळीतून फुंकर. दुधावरची साय बाजूला सारताना घालतो ना, तेवढीच.

दुसऱ्या दिवशी बांगडी काढली. काका म्हणाले, "ही साधी सोडा-काच, आपली नळी बोरोसिलिकेटची, प्रयोगशाळेच्या काचेची. जमायचं नाही. पण करून बघ."

नळीला फुंकर घालून केलेल्या फुग्यावर तुकडा सुरेख बसला. तापल्यावर हिरवा रंग नारिंगी झळाळीत हरवला आणि निवताना हळूहळू परत आला. मी श्वास रोखून बघत होते. टक् असा बारीक आवाज आला, सांध्यावरून तडा गेला.

"वाढली," काका म्हणाले. बर्नरसमोर उभ्या माणसाच्या तोंडीसुद्धा बांगडी 'फुटली' हा शब्द येत नाही, याचं मला फार बरं वाटलं.

त्यांनी तो सांधा दोन पोलरॉइड काचांमध्ये धरला; या काचा एकमेकींवर आडव्या धरल्या की उजेड अडवतात. त्या काळोखात सांध्याभोवती उजेडाची कडी चमकत होती: काचेत अडकलेला ताण. बांगडीची काच उष्णतेने बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट फुगते आणि निवताना तितकीच आक्रसते. दोघी एकमेकींना ओढत राहतात.

मग त्यांनी धूर ओढणारा पंखा लावला, कारण धातूची वाफ छातीत जाऊ द्यायची नसते. कांडीच्या टोकावर चांदीच्या तारेचा कण ज्योतीत धरला आणि माझा नवा फुगा त्या वाफेत फिरवायला सांगितलं. खिडकीकडे धरला तर पिवळसर, काळ्या पाटीवर ठेवला तर निळा. चांदी तीच! मी कितीतरी वेळ तो पाटीवरून उचलत आणि परत ठेवत राहिले. शेवटी काकांनीच काढून घेतला आणि ५६० अंशांच्या भट्टीत ठेवला, रात्रभर सावकाश निवायला.

सकाळी लक्ष्मीविलास राजवाड्यात गेले. सयाजीराव महाराजांचा हा वाडा १८९० मध्ये पुरा झाला. दरबार हॉलच्या बेल्जियन रंगीत खिडक्यांपुढे माझा पाय हलेना. चांदीचा क्षार काचेवर भाजून पिवळा रंग आणायची रीत युरोपात १४व्या शतकापासून आहे. इतकी वर्षं अशा खिडक्यांत मी चित्रंच बघत आले. त्या दिवशी प्रत्येक पिवळ्यात भट्टी दिसत होती.

येताना सेव-उसळ खाल्ली आणि फुगा घ्यायला गेले. काकांनी त्याचं तोंड उघडं ठेवलं होतं. बांगडीचा उरलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि नुसती मान हलवली. मी तो आत सोडला, कुठेही न जोडता.

परतीच्या गाडीत फुगा मांडीवर धरून बसले होते. वळणावर आत हलकेच किणकिण व्हायची.