जॉर्डन्सच्या दफनभूमीत

आज इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यातील जॉर्डन्स या गावी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या जुन्या दफनभूमीत बराच वेळ रेंगाळलो. ही जमीन त्यांनी १६७१ मध्ये घेतली. शेजारचे विटांचे प्रार्थनागृह मात्र उघड उपासनेची मोकळीक मिळाल्यावर, १६८८ मध्ये उभे राहिले. म्हणजे डोक्यावर छप्पर येण्याआधी या छळ सोसणाऱ्या मंडळींनी आपल्या मृतांची सोय केली होती, आणि हे मला फार हेलावून गेले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक विल्यम पेन यांना १७१८ मध्ये येथेच मूठमाती मिळाली; त्यांच्या दोन्ही पत्नी, ग्युलिएल्मा आणि हॅना, याही येथेच आहेत. मृत्यूनंतर कोणी लहानमोठा उरू नये म्हणून क्वेकरांनी स्मृतिशिळा निषिद्ध मानल्या होत्या, आणि १८५० मध्ये साध्या, एकसारख्या शिळांना परवानगी मिळेपर्यंत पेन यांची कबरसुद्धा नुसत्या गवताखाली होती. १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनियातून त्यांचे अवशेष तिकडे नेण्याची मागणी आली, तेव्हा येथील विश्वस्तांनी नकार दिला. तो मला योग्यच वाटतो.

आजच्या बुटक्या शिळेवर नाव आणि साल, एवढेच कोरलेले आहे. ती अक्षरे वाचण्यासाठी मला ओल्या गवतात गुडघे टेकावे लागले.