म्हणते कशी

परवा दुपारी लाइट गेले, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर दम खात उभा होतो. खालच्या पायरीवर एक कुरिअरवाला मुलगा फोनवर बोलत बसला होता.

"हो... जेवलो... नाही, गार नव्हतं." मग जरा थांबून, "नव्हतं म्हटलं ना."

शेजारी डब्याची पिशवी. गाठ अजून सोडलेली नव्हती.

मी ही गोष्ट लिहिली असती तर त्याचं लग्न, गाव, पगार असं करत तीन पानं खाल्ली असती.

मालिकांतली माणसं तर एकमेकांना सगळंच सांगून टाकतात. "दादा, तुला तर माहीतच आहे, बाबांना जाऊन दहा वर्षं झाली." अरे, माहीत आहे ना त्याला? मग? असं वाक्य आलं की मी टीव्हीशी भांडायला लागतो आणि घरचे मला आतल्या खोलीत पाठवतात.

कॉलेजात उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी वाचली, १९६० सालची. निवेदन पुस्तकी मराठीत, पण माणसांनी तोंड उघडलं की वऱ्हाडी. मी पडलो कृष्णाकाठचा. पहिली काही पानं ठेचकाळतच गेलो. मग कधीतरी त्यातली नायिका कौतिक थेट कानात बोलायला लागली. तिची संसार रेटायची जिद्द मला त्या बोलीतून जेवढी कळली, तेवढी शेजारच्या शुद्ध वाक्यांनी सांगितली नाही.

आजीने कादंबरी कधी हातात धरली नव्हती. दुपारी तांदूळ निवडताना ती गावच्या गोष्टी सांगायची आणि प्रत्येक गोष्ट 'म्हणते कशी'पाशी येऊन उभी राहायची. मोठ्या जाऊबाई आल्या की मान तिरकी, पदर तोंडाशी, "मला मेलीला काय कळतंय!" घरचा कारभार कुणाच्या हातात होता, ते आम्हा पोरांना तेवढ्यावर समजायचं. वर्णनाच्या भानगडीत ती पडत नसे. जाऊबाई उंच होत्या की बुटक्या, मला आजही माहीत नाही.

आजोबांची नक्कल मात्र तिने कधी केली नाही. करणार तरी कशी? आमच्यादेखत ते तिच्याशी एकेका शब्दात बोलत. पाणी. पंचा. चष्मा. हाक नाही, क्रियापद नाही.

ते गेले त्या वर्षीचा मे महिना. गच्चीवर अंथरुणं पडली होती. विषय भलताच चालला होता, बहुतेक आंब्यांचा. आजी मध्येच म्हणाली, "म्हणतात कसे," आणि आवाज थोडा खाली उतरवून, "झोप आता गं. पहाटे उठायचंय तुला."

'गं' म्हणताना आम्ही त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझी चुलत बहीण सवयीने हसायला लागली होती, ती थांबली.